पायरी ओळखून पुढचे पाऊल : चीअरलीडिंगमध्ये मुलांचे संघ कसे ठरतात?

अमेरिकेत शाळांना उन्हाळी सुटी लागण्याच्या सुमारास अनेक घरांत एका यादीची वाट पाहिली जाते. ही यादी परीक्षेच्या निकालाची नसते. आपली मुलगी किंवा मुलगा येत्या हंगामात चीअरलीडिंगच्या कोणत्या संघातून खेळणार, एवढेच तीत लिहिलेले असते. संघाच्या नावापुढे एक आकडा असतो : एक, दोन, तीन, चार. गेल्या वर्षी दुसऱ्या पातळीवर खेळलेल्या मुलीच्या नावापुढे यंदाही दोनच दिसला की घरात शांतता पसरते. मैत्रीण तिसरीत गेली आणि आपली मागे राहिली, असा त्या आकड्याचा अर्थ लावला जातो. तेथे वाढणाऱ्या मराठी घरांतील मुलेही या खेळाकडे वळतात आणि मग ‘लेव्हल टू’ हा शब्द दूरध्वनीवरून इकडच्या आजी-आजोबांपर्यंत पोचतो. तो आकडा इयत्तेसारखा आहे, दरवर्षी एकाने वाढायलाच हवा, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्याचा इयत्तेशी संबंध नाही. तो का, कसा आणि कोणासाठी ठरवला जातो, हे समजून घेतले तर घरातील बरीचशी नाराजी ओसरू शकते. आणि काही अपघातही टळू शकतात.

क्रिकेटच्या मैदानापलीकडचा खेळ

भारतात चीअरलीडर हा शब्द सर्वतोमुखी झाला तो २००८ मध्ये सुरू झालेल्या आयपीएलमुळे. सीमारेषेबाहेर उभारलेल्या मंचावर, चौकार-षटकारांच्या तालावर नाचणाऱ्या तरुणी हेच त्याचे चित्र आपल्या मनात ठसले. मूळ खेळाचा प्रवास याहून जुना आणि वेगळा आहे. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे येऊन त्यांच्याकडून एका सुरात घोषणा म्हणून घेतल्या, तेथून संघटित चीअरलीडिंगचा आरंभ मानला जातो. प्रारंभी ते पुरुषांचेच क्षेत्र होते. पुढे स्त्रिया आल्या, घोषणांच्या जोडीला जिम्नॅस्टिक्समधील उड्या आल्या, एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून रचायचे मनोरे आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणत्याही फुटबॉल संघाला प्रोत्साहन देण्याशी संबंध नसलेले, केवळ स्वतः स्पर्धा करणारे संघ उभे राहिले. त्यांना ‘ऑल स्टार’ संघ म्हणतात. हे संघ शाळांचे नसून खासगी प्रशिक्षण केंद्रांचे असतात आणि एका केंद्राचे लहान-मोठे अनेक संघ असू शकतात. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने चीअरलीडिंगच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली.

स्पर्धेतील सादरीकरण अवघे अडीच मिनिटांचे असते. तेवढ्या वेळात ५४ फूट लांब आणि ४२ फूट रुंद अशा गादीवर संपूर्ण संघ पलट्या घेतो, उंच उड्या मारतो, मुलींना हातांवर तोलून धरतो, हवेत फेकतो व झेलतो, मनोरा रचतो आणि नाचतो. पाच वर्षांच्या बालिकेपासून महाविद्यालयीन तरुणीपर्यंत सर्वांना एकच कसोटी लावणे येथे शक्य नसते. म्हणूनच पातळ्यांची पद्धत आली.

एक ते सात

ऑल स्टार चीअरलीडिंगचे नियम ठरवण्यासाठी २००३ मध्ये युनायटेड स्टेट्स ऑल स्टार फेडरेशन ही संस्था स्थापन झाली. तिच्या नियमांत आज एकपासून सातपर्यंत पातळ्या आहेत. प्रत्येक पातळीवर काय करता येईल आणि काय करता येणार नाही, याची तपशीलवार सूची असते आणि ती वेळोवेळी सुधारली जाते.

पलट्यांचे उदाहरण घेतले तर ही चढण स्पष्ट दिसते. पहिल्या पातळीवर कोलांटउडी, हातांवर चाकासारखे फिरणे, कमान करून हळूच पलीकडे पाय टाकणे एवढेच चालते. दुसऱ्या पातळीवर मागे झेपावून, हातांवर टेकून पुन्हा पायांवर येण्याची ‘बॅक हॅण्डस्प्रिंग’ येते. तिसरीत धावत येऊन, जमिनीला हात न लावता, गुडघे पोटाशी घेऊन मारलेली पलटी येते. चौथीत तीच पलटी शरीर ताठ ठेवून घेता येते. पाचवीत तिच्यात एका पूर्ण फिरकीची भर पडते, सहावीत दोन फिरक्यांची.

मुलीला उचलण्याच्या प्रकारांतही अशीच चढण आहे. पहिल्या पातळीवर तिला खांद्यांच्या उंचीवर धरायचे तर तिचे दोन्ही पाय खालच्यांच्या हातांत असतात. दुसरीत दोन्ही पायांवर उभ्या असलेल्या मुलीला हात पूर्ण ताणून डोक्याच्या वर नेता येते. तिसरीत त्याच उंचीवर ती एका पायावर तोल सांभाळू शकते. पुढच्या पातळ्यांवर फिरकी घेत वर जाणे, क्षणभर हातांतून सुटून पुन्हा हातांत येणे, असे प्रकार जोडले जातात.

पातळीच्या जोडीला वयोगटही असतो. टायनी, मिनी, यूथ, ज्युनियर, सीनियर अशी त्यांची नावे आहेत. त्यामुळे संघाची ओळख दोन गोष्टींनी होते : वय आणि पातळी. ‘यूथ दोन’ आणि ‘सीनियर दोन’ हे दोन्ही संघ दुसऱ्याच पातळीचे, पण एकात शाळकरी मुली तर दुसऱ्यात सोळा-सतरा वर्षांच्या तरुणी असू शकतात. चौदाव्या वर्षी पहिल्यांदाच या खेळात आलेली मुलगी पहिल्या पातळीवर खेळते आणि त्यात कमीपणा काहीच नसतो. ऑरलॅण्डो येथे हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या ‘द समिट’ या मोठ्या स्पर्धेत पहिल्या पातळीच्या संघांनाही स्वतंत्र गट आणि स्वतंत्र विजेतेपद असते.

पातळीचे बंधन केवळ मुलांना नसते. प्रशिक्षकांनाही त्या त्या पातळीचे कौशल्य शिकवण्यासाठी प्रमाणपत्र मिळवावे लागते. म्हणजे कोणती मुलगी काय करणार, या प्रश्नासोबत तिला ते कोण शिकवणार, हाही प्रश्न नियमाने सोडवलेला असतो.

निवड कशी होते?

हंगाम संपला की प्रशिक्षण केंद्रांत चाचण्या होतात. मुले पलट्या आणि उड्या करून दाखवतात, गटाने उचलण्याचे प्रकार करतात. पालकांना वाटते की जी पलटी एकदा जमली ती आता आली. प्रशिक्षकाचा निकष वेगळा असतो. तो पाहतो की ती पलटी दहापैकी किती वेळा जमते. थकल्यावर जमते का. संगीत चालू असताना, शेजारी दुसरी मुलगी त्याच वेळी पलटी घेत असताना जमते का. कोणी कमरेला हात लावण्यासाठी जवळ उभे नसताना जमते का. अडीच मिनिटांच्या सादरीकरणात शेवटची पलटी येते तेव्हा श्वास फुललेला असतो. त्या क्षणी जे हमखास जमेल, तेच त्या मुलीचे कौशल्य, असा हा हिशेब आहे. या क्षेत्रातील रुळलेला दंडकच असा की आधी सफाई, मग प्रगती. गुडघे वाकलेले, पाय फाकलेले, हात चुकीच्या जागी टेकणारी हॅण्डस्प्रिंग घेऊन पुढच्या पातळीवर गेलेली मुलगी ती चूकही सोबत नेते आणि पुढची पलटी त्याच कच्च्या पायावर उभी राहते.

दुसरा निकष भूमिकेचा. वर जाणाऱ्या मुलीला फ्लायर म्हणतात, तिला खालून तोलून धरणाऱ्यांना बेस आणि पाठीमागे उभी राहून तिचे डोके व खांदे सांभाळणारीला बॅकस्पॉट. एखादी मुलगी पलट्यांत दुसऱ्या पातळीची असते, पण बेस म्हणून तिची पकड आणि वेळेचे भान तिसऱ्या पातळीचे असते. दुसरी मुलगी पलट्यांत चौथीची, पण फ्लायर म्हणून अजून दुसरीची. संघाला किती फ्लायर, किती बेस आणि किती बॅकस्पॉट हवेत, हेही पाहावे लागते. काल फ्लायर असलेली मुलगी उंचीने वाढली की तिला बेस व्हावे लागते आणि नवे काम शिकण्यासाठी एखादे वर्ष खालच्या पातळीवर काढणे तिच्या हिताचे ठरते. तिच्या नावापुढचा आकडा कमी होतो तो अपयशामुळे नव्हे, तर ती वाढत्या वयाची आहे म्हणून.

तिसरा निकष मनाचा. जिम्नॅस्टिक्स आणि चीअरलीडिंग या दोन्हींत एक विचित्र अनुभव परिचित आहे. महिनोन्महिने सहज येणारी मागे जाणारी पलटी एखाद्या दिवशी मुलीकडून होईनाशी होते. शरीर तेच, ताकद तीच; मन मात्र मागे झेपावू देत नाही. याला ‘मेंटल ब्लॉक’ म्हणतात. हा आळस नव्हे आणि हट्टही नव्हे. अशा वेळी दटावल्याने भीती वाढते. एक पायरी खाली येऊन, मऊ गादीवर, आधाराने तीच हालचाल पुन्हा बांधणे हा अधिक भरवशाचा उपाय असतो. आवाक्याबाहेरच्या पातळीवर ढकलल्या गेलेल्या मुलांच्या मनात ही भीती रुजायला वेळ लागत नाही.

चौघींचा एक तोल

धावण्याच्या शर्यतीत कमी तयारीची मुलगी मागे राहते, इतकेच. चीअरलीडिंगमध्ये एकीची अपुरी तयारी दुसरीच्या अंगावर येते. खांद्यांच्या उंचीवर उभी असलेली मुलगी खालच्या तिघींच्या हातांवर असते. दीड मीटर उंचीवरून सुटलेले शरीर जमिनीवर यायला अर्ध्या सेकंदाहून जेमतेम अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत खालच्या मुलींनी ओळखायचे की ती पडते आहे, कोणत्या बाजूला पडते आहे, आणि पाऊल पुढे टाकून तिला झेलायचे. विचार करायला येथे सवड नसते. शेकडो वेळा केलेल्या सरावातून हात आपोआप पुढे यावे लागतात. एका बेसने हा सराव केलेला नसेल तर फ्लायर कितीही निपुण असली तरी तिचा भरवसा फोल ठरतो. त्यामुळे ‘माझी मुलगी तिसरीत का नाही?’ या प्रश्नामागे आणखी तीन मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न दडलेला असतो.

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये चीअरलीडिंगमधील दुखापतींवर आपली भूमिका मांडली. या खेळातील एकूण दुखापतींचे प्रमाण इतर अनेक खेळांच्या तुलनेत कमी असले, तरी डोके, मणका यांना होणाऱ्या अतिगंभीर इजांचे चित्र निराळे असल्याचे तिने दाखवून दिले. मागच्या सुमारे पंचवीस वर्षांत उच्च माध्यमिक शाळांतील मुलींना खेळताना थेट झालेल्या अशा इजांपैकी ६५ टक्के चीअरलीडिंगमधील होत्या. कौशल्याच्या पायऱ्या क्रमाने पार केल्याचे सिद्ध झाल्यावरच मुलांनी पुढचा प्रकार करावा, ही त्या शिफारशींतील एक महत्त्वाची बाब होती. योग्य पातळीवर संघ ठरवणे म्हणजे दुसरे काय?

गुणांचे गणित

सुरक्षिततेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ जिंकण्याच्या दृष्टीनेही घाईने वरची पातळी गाठणे महागात पडते. परीक्षक साधारणतः दोन गोष्टींना गुण देतात : प्रकार किती अवघड आणि तो किती सफाईने झाला. अवघडपणाचे गुण देताना, त्या पातळीचे कौशल्य संघातील किती जणांनी करून दाखवले, हेही मोजले जाते. पडझड झाली तर गुण कापले जातात. पातळीच्या नियमांत न बसणारा प्रकार केला, तरीही गुण कापले जातात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वीस मुलींचा एक संघ आहे. त्यातील सहा जणींना धावत येऊन हवेतली पलटी नीट जमते, अठरा जणींना हॅण्डस्प्रिंग उत्तम येते. हा संघ तिसऱ्या पातळीवर उतरला, तर सहा जणी पलटी घेतील आणि चौदा जणी बाजूला उभ्या राहतील किंवा त्या पातळीला अपुरे पडणारे काहीतरी करतील. उचलण्याच्या प्रकारात दोन गट डळमळतील. हाच संघ दुसऱ्या पातळीवर उतरला, तर अठरा जणी एका तालात हॅण्डस्प्रिंग करतील, सगळे गट स्थिर राहतील आणि परीक्षकांसमोर भरलेले, नेटके सादरीकरण येईल. त्या सहा जणींना हवेतली पलटी शिकण्यापासून मात्र कोणीही अडवलेले नसते. सरावात वरच्या पातळीचे शिकायचे आणि स्पर्धेत हातखंडा असेल तेच सादर करायचे, ही पद्धत अनेक केंद्रे पाळतात. शिकणे आणि सादर करणे यांतील हे अंतर पालकांच्या लक्षात आले, तर यादीतील आकड्याचा बराचसा काच कमी होतो.

खाली ठेवण्यातही खोट

याचा अर्थ मुलांना खालच्या पातळीवर ठेवणे नेहमीच शहाणपणाचे, असा नव्हे. चौथ्या पातळीची तयारी झालेल्या मुलींना मुद्दाम दुसरीत खेळवून चषक मिळवण्याचा प्रकारही या क्षेत्रात घडतो आणि तो निंद्य मानला जातो. त्यात समोरच्या नवख्या मुलांवर अन्याय होतोच. पण जिंकणाऱ्या मुलींचेही नुकसान होते. जे केव्हाच जमले आहे, तेच वर्षभर घोटत राहिल्याने कंटाळा येतो, शिकण्याची ओढ मंदावते, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या वयात एखादा खेळ सुटला की तो बहुधा कायमचा सुटतो. योग्य संघ तो, जिथे मुलीला येते त्यातील बहुतेक सगळे वापरावे लागते आणि थोडेसे आणखी शिकावेही लागते.

मधले मार्गही आहेत. काही मुले नियमांच्या चौकटीत एकाच वेळी दोन संघांतून खेळतात. एका संघात पलट्यांची भर घालतात, दुसऱ्यात बेस म्हणून अनुभव घेतात. पण त्यासाठी सरावाचे तास वाढतात, खर्च वाढतो आणि वाढत्या हाडांवरचा ताणही वाढतो. या खेळाचा वर्षाचा खर्च आधीच काही हजार डॉलरांच्या घरात जाऊ शकतो. पोशाख, प्रवास, स्पर्धेचे शुल्क, सारे त्यात आले. एवढा पैसा ओतणाऱ्या पालकाला आपल्या मुलाच्या नावापुढे मोठा आकडा हवासा वाटणे अस्वाभाविक नाही. नाराज पालक मुलाला घेऊन दुसऱ्या केंद्रात जातील, ही धास्ती प्रशिक्षकालाही असते. निवडीत चूक शिरते ती अनेकदा या दोन दडपणांच्या फटीतून.

पालकांनी काय विचारावे?

यादी लागल्यावर ‘वरच्या संघात का घेतले नाही?’ असे विचारले की उत्तरादाखल बचाव ऐकू येतो. त्याऐवजी काही नेमके प्रश्न अधिक उपयोगी पडतात. वरच्या पातळीसाठी आमच्या मुलीला नेमके कोणते कौशल्य पक्के करावे लागेल? ते पक्के झाले, हे कशावरून ठरवाल? या वर्षी तिला वरचे शिकण्यासाठी किती वेळ मिळेल? संघात तिची भूमिका कोणती असेल? तिला उचलणाऱ्या किंवा तिच्यासोबत उचलणाऱ्या मुलींची तयारी किती आहे? आणि शेवटचा प्रश्न उलट्या दिशेचा : तिला वरच्या संघात घेतले असेल, तर ती खरोखर तयार आहे का? मुलगी निवडली गेल्याच्या आनंदात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारणे सर्वांत गरजेचे आहे.

घरातील भाषेलाही महत्त्व आहे. ‘खाली टाकले’, ‘मागे राहिली’ हे शब्द मूल ऐकत असते. नऊ वर्षांच्या मुलीला नियमपुस्तिका कळत नाही, आईच्या चेहऱ्यावरची निराशा कळते. पुढच्या चाचणीत ती न येणारी पलटी मारून पाहण्याचा धोका पत्करते, तो बहुधा त्या निराशेपायीच.

आपल्या मनोऱ्यांची आठवण

माणसांवर माणसे उभी करण्याची रीत मराठी मुलखाला नवी नाही. गोपाळकाल्याच्या आधी कित्येक आठवडे मुंबई-ठाण्यातील गोविंदा पथके रात्री सराव करतात. तळाला भरभक्कम गडी, वरच्या थरांत हलक्या अंगाचे आणि टोकाला सर्वांत चिमुकला, ही रचना अनुभवातून आली. टोकावरच्या त्या चिमुकल्याच्या वयाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागावर आणि वीस फुटांहून उंच थरांवर बंदी घातली. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन आले आणि २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, ही राज्य सरकारची भूमिका नोंदली गेली. उंचीचे बंधन मात्र राहिले नाही. दहीहंडी आणि चीअरलीडिंग यांची परंपरा, हेतू आणि उंची सर्वस्वी निराळी आहे. तरीही एक गोष्ट ताडून पाहण्याजोगी आहे. वयाची मर्यादा मूल किती वर्षांचे आहे, एवढेच सांगते. ते वर चढायला शिकले आहे का, तोल गेल्यावर कसे पडायचे हे त्याला ठाऊक आहे का, आणि खालच्यांनी त्याला झेलण्याचा सराव केला आहे का, हे प्रश्न वयाच्या दाखल्याने सुटत नाहीत. त्यांची उत्तरे देण्यासाठी चीअरलीडिंगने पातळ्यांची ही वही तयार केली.

त्या वहीतील आकडा कायमचा नसतो. वर्षभराने पुन्हा चाचणी होते, पुन्हा यादी लागते. यंदा दुसऱ्या पातळीवर राहिलेली मुलगी तोवर हॅण्डस्प्रिंग डोळे मिटून करू लागलेली असते, हवेतली पलटी गादीवर आधाराने घेऊ लागलेली असते, आणि वरून मैत्रीण डगमगली की तिचे हात न सांगता पुढे जाऊ लागलेले असतात. तिसरी पातळी गाठण्याची तयारी म्हणतात ती हीच.